एक, दोन, अडीच

३ जानेवारी

ताई,

परवा माझ्यावर जो अन्याय झाला त्याची कुठेतरी लेखी नोंद राहावी म्हणून हे पत्र. मला पोत्यावर बसवण्यात आलं.

मुलाखत होती. मी इस्त्रीची पँट घालून, फाइल काखेत मारून वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर. खोलीत खुर्ची नावाची वस्तू नाही. नुसती रंगीबेरंगी पोती पडलेली, आत कसलेतरी दाणे. "बसा ना, निवांत बसा," असं एक मुलगी म्हणाली. मी बसलो, म्हणजे आत गेलो. गुडघे कानांशी आले. पंचवीस वर्षांचा अनुभव मी छताकडे बघत कथन केला. उठायची वेळ आली तेव्हा दोन पोरांनी दोन बाजूंनी धरलं आणि "वन, टू, थ्री" म्हणून मला उपटलं. रोज अप्पांना खुर्चीतून उठवणारा मी. माझ्यावर ही पाळी बावन्नाव्या वर्षी आली.

तर नोकरी मिळाली आहे. कंपनी दीड वर्षाची आहे, तिचा मालक सत्तावीसचा. त्याला सगळे कप्तान म्हणतात. "मला साहेब म्हणू नका," असं त्याने मला तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा मी "बरं साहेब" म्हणालो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'चुका लवकर करा'. मी उभी हयात लोकांच्या वजनकाट्यांतल्या चुका पकडण्यात घालवली, आणि ही मंडळी त्या करायला घाई करतायत.

पण काम खरं आहे, ताई. नवजात बाळांचे वजनकाटे. दवाखान्यात औषधाचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो आणि बाळ काही स्थिर पडून राहत नाही. ती वळवळ वजा करून खरा आकडा काढायचा. त्यांचा काटा आकडा झटकन दाखवतो, मात्र चुकीचा. मी तो बघितला आणि मला बरेच दिवसांनी हाताला खाज सुटली. आमची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा प्रत्येकाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ऑक्टोबरपासून मी ते बघत बसलोय.

अडचण अंतराची. दोन बस, एका बाजूने सव्वादोन तास. घरून काम करा म्हणतात, पण प्रमाण वजनांची पेटी घरी आणता येत नाही. पहाटे पाच चाळीसला निघायचं, साडेआठला परत. अप्पा साडेसातला झोपतात. दिवसाच्या बाई नऊ ते पाच असतात. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अप्पा मला झोपलेले दिसणार, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापाशी कोण हा प्रश्न उरणार. अप्पांना विचारलं. त्यांनी भुवई उचलली. शाळेच्या मैदानात चारशे पोरं एका शिट्टीत उभी करणारा ड्रिलमास्तर, आता आवाज म्हणजे नुसती फुंकर. भुवईचा अर्थ मी दोन्ही बाजूंनी लावून बघितला.

एकतीस तारखेपर्यंत कळवायचंय. तुला काय वाटतं?

तुझा भाऊ

ता.क. तू घर सोडताना माझा कमरेचा पट्टा ट्रंकेला बांधून नेलास, तो अजून आलेला नाही. एकतीस वर्षं झाली. आठवण म्हणून लिहिलं.

---

९ जानेवारी

मापाड्या,

पोत्याचं वाचून इतकी हसले की शेजारीण बघायला आली. पट्टा शोधते.

नोकरीचं म्हणशील तर मला तुझा राग आला. तू आधीच ठरवून बसला आहेस आणि मला फक्त सही करायला बोलावतोयस. 'अप्पांना कसं सोडू' हे तू चार ओळींत लिहिलंस आणि काट्याचं दहा ओळींत. मग शेवटी नको म्हणशील, आणि पुढची दहा वर्षं आपल्या घरात एक हुतात्मा फिरेल. आईने शिवणकाम सोडलं होतं, आठवतं? रोज जेवताना मशीनकडे बघायची. आपण दोघं मान खाली घालून जेवायचो.

अप्पांच्या भुवईचा अर्थ लावू नकोस. त्यांना विचारायचंय काय, ते आधी स्वतःला नीट विचार.

आणि फोन करू नकोस. मागच्या आठवड्यात तुझे तीन येऊन गेलेले दिसले. तीस वर्षं दवाखान्याच्या बोर्डावर बसून दुसऱ्यांचे फोन जोडले, आता ते यंत्र कानाला लावायची इच्छाच मेली. पत्र लिही. तुझं अक्षर चांगलं आहे, तेवढा एकच गुण आहे.

ताई

---

१६ जानेवारी

ताई,

तुझा आरोप मला मान्य नाही, म्हणून मी मोजमाप केलं.

काटा तपासताना आम्ही एका मापावर विश्वास ठेवत नाही. तीनदा मोजायचं, तिन्ही आकडे वहीत लिहायचे. चुकलं तर खोडायचं, पण एकाच आडव्या रेघेने. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. गिरवून काळा केला की तपासनीस वही तोंडावर फेकतो. तसा मी दिवसाच्या बाईंना तीन दिवस लवकर बोलावून तो प्रवास करून आलो. दोन तास दहा, दोन तास पाच, दोन तास पंचवीस.

पहिल्या बसमध्ये रोज तीच माणसं. एक जण बॅटरीच्या वस्तऱ्याने दाढी करतो, अर्धी पहिल्या बसमध्ये, अर्धी दुसऱ्या. एक बाई उभ्याने डबा खाते आणि एकही कण सांडत नाही. डाव्या बाजूची तिसरी खिडकी चांगली, तिची काच पूर्ण सरकते. पुलाखाली बस बदलायची. तिथे सगळे घड्याळाकडे बघत उभे राहतात, एकमेकांकडे कोणी बघत नाही. उतरलो तेव्हा पायाला मुंग्या, पाठ लाकडासारखी. संध्याकाळी परत तेच.

(इथली एक ओळ खोडली आहे. वाचू नकोस.)

तेव्हा नको म्हणावं अशा मताला मी आलोय. या वयात एवढी दगदग झेपायची नाही, आणि अप्पा एकटे. उगाच हुतात्मा वगैरे म्हणू नकोस. साधा हिशेब आहे.

कप्तानाला सोमवारी कळवतो.

भाऊ

---

२१ जानेवारी

मापाड्या,

सोमवारी कळवलं नसशील अशी आशा आहे. कळवलं असशील तर चूक झाली म्हणून सांग, त्यांच्या भिंतीवर परवानगी लिहिलेलीच आहे.

तू आयुष्यभर एका रेघेने खोडत आलास आणि मला सांगतोस वाचू नकोस. उजेडात धरायचीसुद्धा गरज पडली नाही. तुला परत लिहून पाठवते, म्हणजे नाकारता येणार नाही: 'खरं म्हणजे मला नोकरी नको आहे, तो प्रवास हवा आहे, सव्वादोन तास मला कोणी हाक मारत नाही.'

मी हे पत्र तीनदा वाचलं. तुझ्याच पद्धतीने.

सहा वर्षं तू त्या माणसाला उठवतोस, बसवतोस, पुसतोस, भरवतोस. मी दिवाळखोरासारखी दर महिन्याला एक पत्र टाकते. मी चोवीसची असताना का गेले माहीत आहे? सगळ्यांना सांगितलं, चांगली नोकरी आहे. नोकरी इथेही मिळत होती. मला त्या घरात कोणाची हाक नको होती. बोर्डावर दिवसाला आठशे हाका ऐकल्या, पण त्यातली एकही माझ्यासाठी नव्हती. तेव्हा लाज वाटून घेऊ नकोस, हे आपल्या घराण्यातच आहे.

मी येते. रिकामीच आहे. फेब्रुवारीच्या एक तारखेपासून सकाळ-संध्याकाळ अप्पा माझे. तू जा, खिडकीत बस.

अप्पांचं काय कसं करायचं ते लिहून पाठव. सगळं लिही, येऊन विचारत बसणार नाही.

ताई

---

२८ जानेवारी

ताई,

होकार कळवला. कप्तानाने टाळ्या वाजवल्या. तिथे कोणी काही केलं की टाळ्या वाजवतात. एकाने पाण्याची टाकी बदलली तेव्हाही वाजवल्या.

अप्पांचं सांगतो. सकाळी डोळे उघडल्यावर दहा मिनिटं बोलायचं नाही. गोळ्या तीन, पांढरी आधी. पाणी चमच्याने, घाई केली की ठसका लागतो. उजवा हात त्यांना स्वतःचा वाटत नाही, तो कुठे ठेवलाय ते मधूनमधून दाखवावं लागतं. वर्तमानपत्र वाचायला नको, समोर नुसतं उघडं धरायचं. पान उलटायचं झालं की ते मान हलवतात. खेळाचं पान शेवटी.

महत्त्वाचं म्हणजे उठवणं. दोन्ही काखांत हात घालून उभं राहायचं. मोजणी ते स्वतः करतात, शेवटी ड्रिलमास्तर आहेत. पण पूर्वीसारखी नाही. 'एक, दोन' म्हणतात आणि अडीचला उठतात. तिनाची वाट बघू नकोस. मी एकदा विचारलं, अडीच का? तर म्हणाले, तीन म्हणेपर्यंत दम संपतो. तेव्हा तुला काही करायचं नाही. तू फक्त ऐक.

एवढंच. बाकी तू शहाणी आहेस असा प्रवाद आहे.

भाऊ

---

१९ मार्च

ताई,

आपण एका घरात आहोत, मधे एक भिंत आहे, आणि मी तुला पत्र लिहून मिठाच्या बरणीखाली ठेवतोय. कारण तोंडाने बोललो तर जे निघेल ते एका रेघेने खोडता येणार नाही.

काल सात वीसला तुझा मेसेज आला. 'अप्पा पडले. शुद्धीत आहेत. ये.' मी पुलाखाली होतो. फोन लावला. तू उचलला नाहीस. परत लावला. अकरा वेळा लावला. प्रत्येक वेळी पूर्ण रिंग वाजली. दुसरी बस निघाली आणि दहाव्या मिनिटाला पुढे एक ट्रक आडवा झाला. मग पाऊण तास इंजिन बंद. दाढीवाला झोपलेला, डब्याची बाई झोपलेली. तिसऱ्या खिडकीत मी. मला कोणी हाक मारू नये असं मी लिहिलं होतं ना? मारली नाही कोणी. पडले म्हणजे कसे पडले, डोकं आपटलं की कंबर मोडली, शुद्धीत आहेत म्हणजे अजून आहेत की तेव्हा होते, एवढं सांगायलासुद्धा तू ते यंत्र कानाला लावलं नाहीस.

घरी आलो तर खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरने मनगटाला पुठ्ठा बांधलेला, आणि तू कोपऱ्यात उभी. मी विचारलं, "फोन का नाही घेतलास?" तू म्हणालीस, "जेवण झाकून ठेवलंय."

तुझी ती फोनची नावड मी सात आठवडे थट्टेवारी नेली. काही सांगायला गेलो की 'टेबलावर लिहून ठेव'. तेही गोड मानून घेतलं. आता मला सरळ उत्तर हवंय. एक साधी गोष्ट सांगितली होती, तू फक्त ऐक. तेवढं जमलं नाही?

अप्पांच्या मनगटाला चीर आहे. सहा आठवडे प्लास्टर. डावं मनगट. जे चालत होतं ते.

---

२० मार्च

मापाड्या,

नाही जमलं. मला ऐकू येत नाही.

डावा कान चार वर्षांपूर्वी गेला. उजवा गेल्या वर्षापासून जातोय, आता दारावर कोणी धपाधपा मारलं तर कळतं. फोन वाजतो ते कळत नाही. मेसेज टाकून मी तो ओट्यावर ठेवला आणि अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं. तुझे अकरा फोन मी दुसऱ्या दिवशी मोजले.

मी निवृत्त झाले हेही खोटं. बोर्डावरचे दिवे लागायचे पण आवाज यायचा नाही. दोन महिने अंदाजाने फोन जोडले, दवाखान्यात. मग एक दिवस भीती वाटली आणि स्वतःच राजीनामा दिला. सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला. टेलिफोन ऑपरेटर बहिरी झाली हे सांगायला तुझ्याइतका विनोद अंगात पाहिजे, माझ्यात नाही.

तुला का नाही सांगितलं? कारण तू येऊ नकोस म्हणाला असतास. आणि मग तू नोकरीला नको म्हणाला असतास, आणि मी परत माझ्या एकटीच्या खोलीत, जिथे मला कोणी हाक मारली तरी कळणार नाही. तुझ्यावर उपकार करायला आले असं दाखवलं. खरं तर मला कुठेतरी जायचं होतं.

अडीच मला माहीत होतं. सात आठवडे मी ओठ बघून करत होते. अडीचला ते खालचा ओठ दातांत धरतात, ते मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. परवा संध्याकाळी वीज गेली. त्यांनी उठायची खूण केली होती, मी हात घातलेले होते, आणि ओठ दिसेनात. मी मनात मोजलं. लहानपणी मैदानात मोजायचे तसं. तीनपर्यंत गेले, मापाड्या. ते अडीचला निघाले होते. माझे हात सैल होते.

पडल्यावर ते काहीतरी म्हणत होते. मला माहीत नाही काय. तू विचार आणि मला लिहून दे.

ताई

---

२३ मार्च

ताई,

विचारलं. म्हणाले, "पोरीला लागलं का बघ."

मी कंपनीला राजीनामा लिहिला आहे, अजून दिलेला नाही. दोन महिन्यांची चाचणी संपतेय, कायमचं नेमणूकपत्र सही करून पंधरा एप्रिलपर्यंत द्यायचं होतं. काटा आता बाळाला तीन वेळा मोजतो आणि तिन्ही आकडे सारखे आले तरच दाखवतो. कप्तान आधी वैतागला, एवढा वेळ कोण थांबेल म्हणाला. मग त्याने स्वतःच्या दोन महिन्यांच्या पुतणीला आणून ठेवलं आणि जुन्या काट्यावर तिचं वजन पाव किलोने जास्त आलं. त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने तो चुकीचा आकडा स्वतः वहीत लिहिला आणि मला त्याच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला. तेव्हा माझं काम झालंय असं समजायला हरकत नाही. बाकीचं पोरं करतील.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझं एकोणीस तारखेचं पत्र परत दे. मला ते एका रेघेने खोडायचं नाही, गिरवून काळं करायचं आहे.

भाऊ

---

३१ मार्च

मापाड्या,

परत देणार नाही. वहीची पानं फाडत नाहीत, तूच सांगतोस.

राजीनाम्याचं ऐक. गेला आठवडाभर मी एक करून बघतेय, दिवसाच्या बाईंना समोर उभं करून. अप्पांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तळवा ठेवायचा. ते मोजतात तेव्हा तिथे कळतं. 'एक'ला थोडंसं थरथरतं. 'दोन'ला जरा जास्त. मग श्वास आत जातो, पाठ रुंद होते आणि क्षणभर सगळं थांबतं. ते अडीच. दिवा असो नसो. डोळे मिटून चौदा वेळा उठवलं, बाईंना हात लावावा लागला नाही. पंधराव्या वेळी अप्पांनी मला मुद्दाम फसवायला मोजलंच नाही, नुसता श्वास घेतला. मी उठवलं नाही. बाई म्हणाल्या, ते हसले.

एक हात पाठीवर म्हणजे एकच हात उरतो. म्हणून दुसरा कमरेच्या पट्ट्यात घालते. पट्टा तुझा. माझ्या ट्रंकेला अजून बांधलेला होता, कातडं काय चांगलं मिळायचं तेव्हा. तुझी वस्तू परत केली असं समज, ती अप्पांच्या कमरेला आहे.

मी तुला जा म्हणत नाही आणि राहा म्हणत नाही. पण एक सांगते. एकट्याने सहा वर्षं केलंस म्हणून तुला बस हवीशी वाटली. मी पाच दिवस एकटीने केलं तर मलाही वाटेल, तेव्हा असली पत्रं मी कोणाला लिहू? तेवढा विचार करून काय ते ठरव.

ताई

---

८ एप्रिल

ताई,

ठरवलं. नेमणूकपत्रात 'आठवड्यातून पाच दिवस' असं छापलं होतं. मी त्यावर एक आडवी रेघ मारली, वर 'तीन' लिहिलं, बाजूला सही केली आणि दिलं. पगार त्याप्रमाणे कमी करा असंही लिहिलं. कप्तानाने त्या रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "असं खोडता येतं?" मी म्हणालो, "असंच खोडतात." उत्तर सोमवारी देतो म्हणाला. नाही म्हणाला तर नाही. मग घरातल्या घड्याळाकडे आपण दोघं मिळून बघत बसू. हो म्हणाला तर सोमवार, बुधवार, शुक्रवार खिडकी माझी, बाकी अप्पा माझे. तुझे दिवस तू कुठेही जा.

पाठीवरचा तळवा मी काल संध्याकाळी करून बघितला. सहा वर्षं मी कानाने ऐकत होतो. त्यांच्या पाठीत एवढं काही चाललेलं असतं हे मला माहीत नव्हतं.

आता उद्याचं. तुझ्या कानांची तपासणी साडेनऊला आहे, म्हणजे तुला माझीच पाच चाळीसची बस घ्यावी लागेल. मी रजा टाकली आहे. डाव्या बाजूची तिसरी खिडकी धर. पुलाखाली उतर, दाढीवाल्याच्या मागोमाग जा, तो बरोबर बसमध्ये चढतो. डॉक्टरांना सगळं खरं सांग. यंत्र लावायचं म्हणाले तर लावून घे. कानाला यंत्र लावायची तुला तीस वर्षांची सवय आहे.

आणि एक राहिलंय. पट्टा परत आला, तुझं देणं संपलं. माझं बाकी आहे. तू गेलीस त्या पहाटे ट्रंकेचं कडं तुटलं होतं. तू माझ्या खाटेशी उभी राहून दोनदा हाक मारलीस, जरा कोपऱ्यापर्यंत उचलायला ये म्हणून. मी झोपलो होतो असं तू आजवर समजतेस. मी जागा होतो. तू खुंटीवरून पट्टा काढलास तो आवाजही ऐकला. ट्रंक जिन्यावरून आपटत गेली ती शेवटच्या पायरीपर्यंत मोजली. उठलो असतो तर तू गेली असतीस, आणि नाही उठलो तर कदाचित थांबशील, असा माझा एकविसाव्या वर्षीचा हिशेब.

उद्या पाचला मी उठलेला असेन. खालच्या कंपाउंडरला दहा मिनिटं अप्पांपाशी बसायला सांगितलं आहे. हाक मारू नकोस. पिशवी दारात ठेव, कोपऱ्यापर्यंत मी घेतो.

भाऊ